वळताना टक टक : कोल्हापूरच्या उद्यमनगरातल्या गॅरेजचा अनुभव, 300 रुपयांच्या भांडणासकट

आधीच सांगून टाकते, ह्या गॅरेजला ज्यांनी ज्यांनी एक स्टार दिलाय त्या सगळ्यांची तक्रार एकच आहे, की "नुसता आवाज ऐकायचे 300 रुपये घेतले". घेतात. माझ्याकडनं पण घेतले, पाना हातात धरायच्या आधी घेतले आणि काम त्यांच्याकडंच केलं तरी बिलातनं वजा केले नाहीत. तरीही मी 4 स्टार देतेय, आणि जो एक कापलाय तो ह्या 300 साठी नाही, त्याचं कारण वेगळं आहे, खाली येईलच.

गाडी आमची 2016 ची पेट्रोल हॅचबॅक, 81 हजार किलोमीटर झालेली. कुठल्या कंपनीची ते सांगत नाही कारण ह्यात कंपनीचा काही दोष नाही, पुढची चाकं ओढणारी कुठलीही गाडी ह्या वयात हे करू शकते. माझी शाळा गगनबावडा रोडला, कळे गावाच्या पुढं, रोजचं जाऊन येऊन साठेक किलोमीटर, आणि कारखाने सुरू झाले की त्या रस्त्यावर उसाच्या ट्रॉल्या, पडलेली कांडी, साइडपट्टीवर उतरायचं, परत चढायचं, हे सगळं गाडी रोज खाते.

दिवाळीच्या सुट्टीनंतर आवाज सुरू झाला. शाळेच्या गेटसमोर मला डावीकडं पूर्ण स्टेअरिंग तोडून, म्हणजे टोकापर्यंत फिरवून, यू टर्न मारावा लागतो, तिथं पहिल्यांदा ऐकला, टक टक टक टक, चाकाच्या फेऱ्याबरोबर. अॅक्सिलरेटर दिला की जोरात, सोडला की गायब. सरळ रस्त्याला काहीच नाही, ऐंशीला पळवा नाहीतर चाळीसला. घरात ह्यावर चर्चासत्र झालं. नवऱ्याचं मत टायरमध्ये खडा अडकलाय, त्यानं स्क्रू ड्रायव्हरनं चारही टायरचे खडे काढले, अर्धी वाटी निघाले, आवाज तिथंच. दीर म्हणाले पॉवर स्टेअरिंगचं ऑइल कमी झालं असणार. आमच्या गाडीचं स्टेअरिंग इलेक्ट्रिक आहे, मोटरवर चालतं, त्यात ऑइल घालायची जागाच नाही, हे मला पुस्तिका उघडून दाखवावं लागलं तेव्हा ते गप्प बसले. सासऱ्यांचं मत "चालतीय न्हवं, मग चालू दे".

मग मी शोरूमच्या सर्व्हिस सेंटरला गेले. नाव घेत नाही, घेऊन काय उपयोग, अशी सगळीकडंच आहेत. पहिल्या वेळी अॅडव्हायझर पोरगा गाडी घेऊन सर्व्हिस रोडनं सरळ गेला, सरळ आला, आणि म्हणाला "मॅडम, नॉर्मल आहे". मी म्हटलं अहो वळताना येतो, सरळ जाताना येतच नाही, तर म्हणाला रस्त्यावर ट्रॅफिक होतं वळवता आली नाही. दुसऱ्या वेळी गाडी दिवसभर ठेवून घेतली, दोन्ही बाजूच्या लिंक रॉड (सस्पेन्शनच्या बारक्या दांड्या) बदलल्या, टाय रॉड एंड (स्टेअरिंगच्या दांडीचे चाकाकडचे सांधे) बदलले, अलाइनमेंट केली, बिल 9,480. घरी येताना पहिल्याच चौकात टक टक टक. तिसऱ्या वेळी एस्टिमेट हातात दिलं 38 हजारांचं, स्टेअरिंग रॅक असेंब्ली, म्हणजे चाकं वळवणारी अख्खी यंत्रणाच, बदलून बघूया म्हणे. बदलून बघूया! ते "बघूया" माझ्या डोक्यात गेलं. बघायचं तर आधी बघा ना, मग बदला.

तर आमच्या शाळेचे शिपाईमामा म्हणाले, मॅडम उद्यमनगरात एक मिस्त्री आहेत, ते फक्त पुढच्या चाकाचं काम करतात, एक्सल, सस्पेन्शन, स्टेअरिंग, इंजिनाला हात लावत नाहीत, त्यांना दाखवा. बाहेरच्यांसाठी सांगते, शिवाजी उद्यमनगर म्हणजे कोल्हापूरचं कारखान्यांचं जुनं आगर, ऑइल इंजिनं, फाउंड्र्या, लेथ, इथं "मिस्त्री" हा शब्द मानानं घेतात, म्हादबा मिस्त्रींचं नाव आजही लोकांच्या तोंडात आहे. त्यामुळं इथल्या मिस्त्र्याला इंजिनिअर म्हटलं तर त्याला कमीपणा वाटेल अशी आमच्याकडं गंमत करतात.

गॅरेज म्हणजे एक मोठा गाळा, एका बाजूला लेथवाला, दुसऱ्या बाजूला ग्राइंडिंगवाला, बोर्डावरची अर्धी अक्षरं उडालेली. एवढ्या गोंगाटात हा माणूस आवाज कसा ऐकणार हा माझा पहिला प्रश्न. मिस्त्री साठीच्या आसपासचे, खाकी शर्ट, कानावर पेन्सिल. मी आपलं सुरू केलं, की सर्व्हिस सेंटरवाले म्हणतात रॅक गेलाय, त्यांनी हात वर केला, म्हणाले "ताई, त्येंनी काय सांगितलं त्ये ऱ्हाऊ दे. आवाज कुटनं येतोय त्ये मी बगतो, तुमी येवडंच सांगा कवा येतोय."

आणि मग दहा मिनिटं नुसते प्रश्न. डावीकडं वळताना का उजवीकडं? थोडं वळवल्यावर का पूर्ण तोडल्यावर? गाडी चालू असताना का उभ्या गाडीत स्टेअरिंग फिरवलं तरी? वेग वाढला की आवाजाची घाई वाढते का? अॅक्सिलरेटर सोडल्यावर काय होतं? ब्रेक दाबला तर बदलतो का? सकाळी गार गाडीत जास्त का दिवसभर तापल्यावर? पावसात होता का? खड्ड्यात येतो का सपाट रस्त्यावर पण? मला यातल्या निम्म्याची उत्तरं देता आली, ब्रेकचं आणि गार-गरमचं कधी लक्षच दिलं नव्हतं. सर्व्हिस सेंटरच्या पोरानं टॅबवर "नॉइज" असा एक शब्द टाईप केला होता, बास.

मग 300 घेतले आणि म्हणाले "आदी डिकी रिकामी करा". मला वाटलं मस्करी. डिकीत स्टेपनीच्या खड्ड्यात जॅक नीट बसवलेला नव्हता, शाळेचं क्रीडासाहित्य होतं, आणि मागच्या महिन्यात माहेराहून आणलेली काकवीची बाटली, जी मी घरभर शोधत होते, ती चटईच्या खाली लोळत होती. मिस्त्री म्हणाले वळताना आवाज म्हणून येणाऱ्या दहा गाड्यांत एक-दोन अशाच असतात, डिकीत बाटली नाहीतर दाराच्या खिशात नाणी, आणि ती गाडी आधी वर घेतली तर अर्धा दिवस जातो.

डिकी रिकामी झाली, जॅक बसला, आता गाडीचा खरा आवाज. त्यांनी मला चालवायला लावलं, स्वतः नाही बसले. मागच्या गल्लीत एका बंद कारखान्याची लांबच लांब भिंत आहे, तिच्या कडेनं दोन्ही काचा खाली करून हळू चालवायला सांगितली. भिंतीवर आपटून आवाज परत येतो, त्यामुळं कुठल्या बाजूचा ते उघडं पडतं, मोकळ्या मैदानात तो हवेत विरून जातो. गंमत म्हणजे दुपारी जेवायच्या सुट्टीत, लेथ बंद असतात तेव्हाच ही टेस्ट करतात, म्हणून गोंगाटाचा माझा प्रश्न तिथंच मिटला. मग पुढं जागा होती तिथं डावीकडं पूर्ण तोडून गोल, उजवीकडं पूर्ण तोडून गोल, आणि मग तेच रिव्हर्समध्ये. मिस्त्री गाडीच्या बाजूनं वाकून चालत होते, एक हात मडगार्डवर. डावीकडच्या गोलात टक टक, रिव्हर्समध्ये अॅक्सिलरेटर दिल्यावर तर टकाटक. ते म्हणाले "उजवा एक्सल. भाईरचा जॉइंट." एक्सल म्हणजे गिअरबॉक्सकडनं येऊन चाक फिरवणारा दांडा, आणि त्याच्या चाकाकडच्या टोकाचा सांधा तो बाहेरचा जॉइंट.

मी विचारलं डावीकडं वळताना येतो तर उजवा कसा, तर म्हणाले वळताना भार बाहेरच्या चाकावर जातो, त्यामुळं बहुतेक वेळा उलट्या बाजूचा असतो, पण ह्या नियमावर डोळे झाकून पैसे खर्चायचे नाहीत, बूट बघायचं. गाडी वर घेतली, उजवं चाक काढलं, बॅटरी मारली. मला बोलावून दाखवलं. एक्सलच्या टोकाला जे घडीचं रबर असतं, बूट म्हणतात त्याला, त्याच्या एका घडीत बोटभर चीर, आणि त्यातनं काळं ग्रीस फेकलं जाऊन चाकाच्या आतल्या बाजूला, ब्रेकच्या कॅलिपरवर, लोअर आर्मवर (चाकाला खालनं धरणारा दांडा), सगळीकडं शिंतोडे. वाळून त्याच्यावर धूळ बसलेली. म्हणजे हे काही कालपरवाचं नव्हतं. सर्व्हिस सेंटरनं त्याच चाकाला लागून असलेली लिंक रॉड बदलली, ती बदलताना हाताला हे ग्रीस लागलं असणारच, तरी कागदावर एक्सल बूटच्या पुढं "ओके" अशी टिक.

इथं मिस्त्र्यांनी मला अजून एक गोष्ट ऐकवली जी मी सांगितलीच नव्हती. गाडी खाली घेतली, इंजिन चालू, गाडी उभी, पोराला स्टेअरिंग या टोकापासून त्या टोकापर्यंत फिरवायला लावलं आणि स्वतः डाव्या चाकाच्या वर स्प्रिंगवर हात ठेवला. माझा पण हात ठेवायला लावला. स्प्रिंग जरा वेळ फिरतच नाही, अडकते, आणि मग एकदम झटका देऊन सुटते, टंग! हा आवाज मी पार्किंगमध्ये कितीतरी महिने ऐकत होते आणि मला वाटायचं प्लास्टिकचं काहीतरी असेल. शॉकअॅबच्या वरच्या टोकाला एक माउंट असतं आणि त्यात बेअरिंग, स्टेअरिंग फिरवलं की अख्खा स्ट्रट, म्हणजे शॉकअॅब आणि स्प्रिंगचा जोड, त्या बेअरिंगवर फिरतो, ते पाणी-धूळ जाऊन जाम झालं की स्प्रिंग पीळ खाते आणि सुटते. म्हणजे माझ्या गाडीत वळतानाचे आवाज एकाच वेळी तीन होते, काकवी धरून, आणि मी सगळ्यांना मिळून "आवाज" म्हणत होते.

काम दुसऱ्या दिवशी सकाळी. मी रजा टाकून गेले कारण मला बघायचं होतं. गाळ्यात एक लाकडी बाक आहे आणि तिथं बसून तीन तासांत मी जेवढं शिकले तेवढं घरच्या चर्चासत्रात आठ वर्षांत शिकले नसते.

आधी माझ्या गाडीचं सांगते. एक्सलचं आतलं टोक गिअरबॉक्समधनं काढलंच नाही, त्यामुळं गिअर ऑइल सांडायचा प्रश्न नाही, चाकाकडचा भाग सोडवून जॉइंट बाहेर ओढला आणि पितळेचा तुकडा लावून हातोडीचे दोन नेमके घाव, जॉइंट लॉक सोडून निसटला. लोखंडावर लोखंड मारायचं नाही म्हणून पितळ. मग तो जॉइंट पुसून, वाकडा करून, एकेक पोलादी गोळी बाहेर काढली. सहा गोळ्या असतात, वाटीत सहा चर आणि मध्ये पिंजरा. मला म्हणाले "ताई, नख फिरवा ह्येच्यात". चराच्या मधोमध नख अडकलं. खड्डा. ग्रीस दोन बोटांत चोळलं तर वाळू लागत होती. सरळ चालताना गोळ्या आपापल्या जागी बसून नुसत्या चाकाबरोबर फिरतात, म्हणून आवाज नाही. चाक वळलं की प्रत्येक फेऱ्यात प्रत्येक गोळी चरात पुढं-मागं सरकते, आणि त्या खड्ड्याच्या काठावर आपटते. सहा गोळ्या, तेवढ्या टकटकी. इतकं साधं. मला अगदी राग आला की हे मला कुणीच सांगितलं नव्हतं.

मी विचारलं नुसतं नवीन बूट आणि ग्रीस भरून चालेल का, स्वस्तात होईल. म्हणाले चीर पडल्या पडल्या आला असता तर चाललं असतं, बूट किट आणि मजुरी मिळून हजार-बाराशेत सुटला असता, आता आवाज सुरू झाला म्हणजे लोखंड खाल्लं गेलं, ग्रीस भरून दोन महिने आवाज दबेल, बास. जुन्या बाजारातला एक्सल टाकू का विचारलं तर सरळ नाही म्हणाले, त्याच्यातल्या गोळ्या कोण बघितलाय. डाव्या एक्सलचं बूट दाबून, फाकवून बघितलं, बारीक तडे आहेत पण फाटलेलं नाही, "ह्येला आज हात लावत न्हाई, पावसाळ्यापतुर चालतंय, मग बगू". हे मला सगळ्यात आवडलं. माझा जीव मुठीत होता, त्या क्षणी चार हजार अजून सांगितले असते तरी दिले असते.

माउंटच्या कामाला स्प्रिंग दाबून धरायचा शिकंजा लागतो, तो लावताना मात्र मिस्त्र्यांनी सगळ्यांना लांब उभं केलं, मलाही बाकावरनं उठवलं. दाबलेली स्प्रिंग सुटली तर माणूस जाऊ शकतो, आणि यूट्यूबवर बघून घरी करणाऱ्यांना हे कळत नाही, असं ते पुटपुटत होते. शेवटी एक्सलचा नट नवीन, टॉर्क पान्यानं आवळला आणि नटाची कड ठोकून लॉक केली. टॉर्क पाना बघून मला बरं वाटलं कारण एवढ्याशा गॅरेजात तो असेल असं वाटलं नव्हतं. तो नट ढिला राहिला तर चाकाचं बेअरिंग लवकर जातं, आणि मग पुढचा आवाज त्याचा.

आता बाकावरनं ऐकलेलं. एक काका आले, त्यांची गाडी साठच्या पुढं गेली की घूंऽऽ करते. त्यांना विचारलं चालत्या गाडीत स्टेअरिंग हलकंसं डावीकडं-उजवीकडं केलं तर आवाज बदलतो का, डावीकडं घेतलं की वाढतो म्हणाले. भार उजव्या चाकावर गेल्यावर वाढतो म्हणजे उजव्या बेअरिंगवर संशय. पण तरी लगेच बेअरिंग काढलं नाही. आधी पुढचे टायर मागं आणि मागचे पुढं टाकून चालवून यायला सांगितलं, कारण टायर खालीवर झिजला तरी अगदी तसाच घूं आवाज येतो, आणि आवाज टायरबरोबर मागं गेला तर बेअरिंगचा खर्च वाचला. काका परत आले, आवाज पुढंच. मग गाडी जॅकवर, चाक हातानं फिरवलं आणि दुसरा हात स्प्रिंगवर, बारीक थरथर लागली. बेअरिंगच.

एक पोरगा आला होता, अलॉय आणि रुंद टायर टाकलेले, वळताना खर्रऽऽ. त्याला गाडी वर न घेताच सांगितलं, आतल्या प्लास्टिकवर टायर घासतोय, घासल्याची चमक दाखवली. तो म्हणाला प्लास्टिक कापून द्या. मिस्त्री म्हणाले कापून देतो, पण पुढच्या खड्ड्यात गाडी दबली की पत्र्याला लागेल, मग काय पत्रा कापू? पोरगा नाराज होऊन गेला, मला खात्री आहे एक स्टार त्याचा पण असणार.

एका बाईंची गाडी ब्रेक न दाबता वळताना सर्रऽऽ करत होती, तिच्या डिस्कच्या मागच्या पातळ पत्र्यात बारका खडा निघाला. पत्रा बोटानं जरा बाहेर ओढला, पाच मिनिटांचं काम, 300 च्या वर एक रुपया घेतला नाही. आणि मी हळूच माझी अजून एक शंका विचारून घेतली, की मॉलच्या बेसमेंटमध्ये वळवताना चारही चाकं कुईं कुईं ओरडतात ते काय. सगळे हसले. त्या गुळगुळीत रंगाच्या फरशीवर कुणाचीही गाडी ओरडते, नवी कोरी आणली तरी. एकाच्या जुन्या हायड्रॉलिक, म्हणजे ऑइलच्या दाबावर चालणाऱ्या, स्टेअरिंगच्या गाडीचं पण तेच, पूर्ण तोडून धरलं की उंऽऽ करते, तिथं पंपाचा व्हॉल्व्ह उघडतो त्याचा आवाज असतो, टोकाला जाऊन दाबून धरायचं नाही, जरा सोडायचं. पण अर्ध्यातच उंऽऽ करायला लागली तर मात्र ऑइल बघायचं.

एक प्रसंग मात्र हसण्यासारखा नव्हता. एक टूरवाला ड्रायव्हर मोठी गाडी घेऊन आला, वळताना आणि गतिरोधकावर कर्र कर्र, गार दिवशी जास्त. त्याला संध्याकाळी कोकणात भाडं होतं, म्हणाला परत आल्यावर बघू. मिस्त्र्यांनी जॅक लावून चाक वर-खाली हलवलं, लोअर आर्मचा बॉल जॉइंट, म्हणजे चाक ज्यावर वळतं तो सांधा, डोळ्यांनी दिसावा इतका खेळत होता. त्याला माझ्या गाडीकडं बोट दाखवून म्हणाले, ह्या ताईंचा टक टक आवाज ताईंना घरापर्यंत न्हेतोय, तुझा न्हेणार न्हाई. बॉल जॉइंट निसटला तर चाक आडवं पडतं आणि गाडी जागेवर बसते, करूळ घाटात ते झालं तर सांगायला कोण उरणार. ड्रायव्हर दहा मिनिटं फोनवर मालकाशी भांडला आणि गाडी ठेवून गेला. मला त्या दिवशी पहिल्यांदा कळलं की आवाज मोठा म्हणजे धोका मोठा असं काही नसतं, त्या गाडीचा आवाज माझ्या निम्मासुद्धा नव्हता.

बिल सांगते म्हणजे अंदाज येईल. आवाज बघायचे 300, बाहेरचा जॉइंट किट म्हणजे बूट, ग्रीस, क्लिपा, नट धरून 2,750, त्याची मजुरी 800, दोन्ही बाजूची माउंट बेअरिंगसकट 1,640, त्याची मजुरी 900. एकूण 6,390. वर अलाइनमेंट बाहेरनं करून घ्यायला सांगितली कारण स्ट्रट काढला की ती हलते, त्याचे 400. जुने पार्ट पिशवीत घालून दिले, न मागता. त्यातली एक गोळी मी शाळेत सातवीच्या वर्गात दाखवायला नेली, घर्षणाचा धडा त्यावर झाला, पोरांना लई आवडलं.

आता तो कापलेला स्टार. फोन उचलत नाहीत, अजिबात नाही, मी अकरा वेळा केला. जाऊन नंबर लावावा लागतो आणि "उद्या सकाळी" म्हणजे साडेदहा. बिल वहीच्या पानावर, जीएसटीचं मागितलं तर "मग शोरूमला जावा की" असं तोंडावर सांगतात. पार्टची वॉरंटी म्हणजे त्यांचा शब्द, तो खरा असेलही, पण कंपनीची गाडी किंवा इन्शुरन्सचं काम असेल त्यांना हे चालणार नाही. बाईमाणसाला बसायला तो एक बाक आणि वॉशरूमची सोय शून्य, तीन तास बसायचं तर हा विचार करून जा. शिवाय ते इंजिनाचा, एसीचा, वायरिंगचा काहीही प्रश्न ऐकूनच घेत नाहीत, दुसरीकडं पाठवतात. माझ्या स्टेअरिंगच्या आतनं वळवताना कागद चुरगाळल्यासारखा बारीक आवाज येतो, तो विचारला तर म्हणाले एअरबॅगच्या वायरच्या गुंडाळीचा असणार, ते माझं काम नाही, एअरबॅगचा लाल दिवा लागला किंवा हॉर्न बंद पडला तर लगेच इलेक्ट्रिशियनकडं जा. त्यांनी उघडून बघितलं नाही ह्याचं मला वाईट वाटलं नाही.

तर परत 300 कडं येते. सर्व्हिस सेंटरला तपासणी फुकट होती. फुकट होती म्हणून पोरानं ती तीन मिनिटांत उरकली, त्याची कमाई पार्ट विकण्यात, म्हणून लिंक रॉड विकल्या, टाय रॉड एंड विकले, आणि पुढं रॅक विकायला निघाला. त्याला पण दोष काय देणार, त्याला आवाज ऐकायचा पगारच नाही. ह्या माणसानं माझ्या गाडीवर दुपारचा पाऊण तास घातला, त्यातली दहा मिनिटं मला प्रश्न विचारण्यात, आणि समजा शेवटी नुसती काकवीची बाटली निघाली असती तर त्यांना काय मिळालं असतं? तेच 300. डॉक्टरनं तपासून "काही नाही झालेलं" म्हटलं तर आपण फी देतोच की, तिथं कुणी म्हणत नाही की नुसती नाडी धरायचे पैसे घेतले. एका रिव्ह्यूत लिहिलंय की त्यांनी 300 घेतले आणि "गाडीत काही दोष नाही" म्हणून परत पाठवलं, आणि त्यासाठी एक स्टार! माझ्या मते त्याच माणसाला सगळ्यात जास्त फायदा झालाय, पण त्याला तो दिसत नाही कारण हातात जुना पार्ट नाही.

काम होऊन आता पाच महिने आणि साधारण सहा हजार किलोमीटर झालेत, बाळिंग्याच्या पुलापासून गगनबावड्यापर्यंत सगळी वळणं झाली, एकदा पन्हाळ्याला पण जाऊन आलो, आवाज नाही. शाळेच्या गेटला यू टर्न मारताना मी अजून सवयीनं काच खाली करते. डाव्या बूटसाठी मे अखेरीस परत जायचंय.

जाणार असाल तर दुपारी साडेबाराच्या सुमाराला पोचा, लेथ बंद व्हायच्या आत नंबर लागतो. सोमवारी बंद. सुट्टे 300 जवळ ठेवा, आणि डिकी घरूनच रिकामी करून न्या, काकवीवरनं तिथली पोरं मला अजून ओळखतात.